एक बालक, चार वह्या

गेल्या पावसाळ्यात एक आजी नातवाला घेऊन माझ्या दवाखान्यात आल्या. पोर दोन वर्षांचे. खोकला आणि जुलाब. तपासण्यासाठी सदरा वर केला, तर बरगड्या मोजता येत होत्या. दंडाला टेप लावली, घेर भरला ११.३ सेंटिमीटर. सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या मुलाचा दंडघेर ११.५ सेंटिमीटरपेक्षा कमी भरला, तर ते मूल तीव्र कुपोषित समजतात. अशा मुलाला साधे जुलाबही जिवावर बेततात.

"अंगणवाडीत नाव आहे ना?" मी विचारले.

"आहे की डॉक्टर. महिन्याच्या महिन्याला वजन घेतात," आजी म्हणाल्या.

मुलाला त्याच दिवशी सरकारी रुग्णालयात पाठवले. ते वाचले. पण माझ्या डोक्यातून तो प्रश्न जाईना. महिन्याच्या महिन्याला वजन होत होते, तर मग हे मूल इथपर्यंत आले कसे? पुढच्या रविवारी मी त्या गावी गेलो आणि एकेकीला भेटलो.

अंगणवाडीच्या ताईंनी वही दाखवली. चार महिने वजनाची रेषा आडवीच होती. त्यांनी नोंद अगदी चोख ठेवली होती. मदतनीस मावशींना त्या घरातली गोष्ट ठाऊक होती. आई पहाटेच खुरपणीला जाते, पोर दिवसभर चहा-खारीवर असते आणि घरपोच आहाराची पाकिटे म्हशीच्या आंबोणात जातात. आशाताईंच्या वहीत त्या आईला पुन्हा दिवस गेल्याची नोंद होती. नर्सबाईंनी दोनदा जुलाबासाठी क्षारसंजीवनीची पाकिटे दिली होती.

चौघींकडे चार तुकडे होते. ते एकत्र ठेवले असते, तर दुसऱ्याच महिन्यात कोणालाही कळले असते की हे मूल धोक्यात आहे. मी मावशींना विचारले, "तुम्ही हे ताईंना का नाही सांगितलंत?" त्या म्हणाल्या, "मला कोण विचारतंय डॉक्टर? मी आपली खिचडी शिजवते."

वाचकहो, यात पाचवा दोषीही आहे. आजींनी पिशवीतून जुनी चिठ्ठी काढली होती. दोन महिन्यांपूर्वीची, तापाची. अक्षर माझेच होते. तेव्हा मी औषध दिले, वजन केले नाही. म्हणून आज जे लिहितो आहे, ते कोणाला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करण्यासाठी नव्हे.

एकात्मिक बालविकास सेवा योजना २ ऑक्टोबर १९७५ रोजी सुरू झाली. पूरक आहार, लसीकरण, आरोग्य तपासणी, संदर्भ सेवा, शाळापूर्व शिक्षण आणि आईला पोषण व आरोग्याचे शिक्षण, अशा सहा सेवा तिच्यात आहेत. यांतल्या लसीकरण, तपासणी आणि संदर्भ सेवा आरोग्य खात्याच्या हातून होतात. बाकीच्या महिला व बालविकास खात्याकडे. खाती दोन, वरिष्ठ वेगळे, वह्या वेगळ्या. मूल मात्र एकच. वजन थांबते अंगणवाडीत आणि औषध मिळते दवाखान्यात. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी, ती ही अशी.

आपल्या महाराष्ट्राला हे काम नवे नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीला ग्रामीण बालशिक्षणाचे काम सुरू केले आणि पुढे ते कोसबाडच्या आदिवासी पाड्यांत नेले. मूल शाळेत येत नसेल तर शाळेने त्याच्या अंगणात जावे, ही त्यांची रीत. अंगणात गेले की मुलाबरोबर त्याची चूल, त्याची आई आणि त्याची आजीही दिसते. नेमके हेच आज आपल्या मावशींना दिसते, पण कागदावर येत नाही.

माझ्या मते यासाठी नवी योजना नको. आठवड्यातून एकदा, आहारवाटप झाल्यावर ताई आणि मावशींनी अर्धा तास बसावे; महिन्यातून एकदा, लसीकरणाच्या दिवशी, नर्सबाई आणि आशाताईंनीही त्यांच्यात बसावे. विषय एकच ठेवावा: लागोपाठ दोन महिने ज्यांचे वजन वाढले नाही, ती मुले. पहिल्यांदा मावशींनी बोलावे, कारण कोणते मूल ताटात टाकते आणि कोणते चाटून खाते, हे त्यांच्याइतके कोणी जाणत नाही. मग आईला काय सांगायचे, हे ठरवून सगळ्यांनी तेच सांगावे. एकीने वरणाचे पाणी, दुसरीने टॉनिक आणि तिसरीने बिस्किटे सांगितली, की आई शेवटी शेजारणीचे ऐकते.

पर्यवेक्षिका मॅडमनाही एक विनंती आहे. कमी वजनाची मुले जास्त दिसली म्हणून ताईंना रागावू नका. ओरडा बसेल या भीतीने वहीतला आकडा वाढतो, मूल वाढत नाही.

यावर ताई म्हणतील, "डॉक्टर, वेळ कुठून आणू?" त्यांचे खरे आहे. आहार, शिकवणे, सर्वेक्षण आणि वर मोबाईलवरच्या नोंदी, एवढे सगळे तुटपुंज्या मानधनावर. सेविका आणि मदतनिसांना ग्रॅच्युइटी मिळाली पाहिजे, हे सांगायलाही २०२२ साली सर्वोच्च न्यायालय लागले. तेव्हा हा अर्धा तास त्यांच्या कामात भर म्हणून नको. एखादी दुबार नोंद कमी करून तो वरिष्ठांनी मोकळा करून द्यावा.

आम्हा खाजगी डॉक्टरांनीही यात यायला हवे. पाच वर्षांखालचे मूल कशासाठीही आले, तरी वजन करून ते माता-बाल संरक्षण कार्डावर लिहायचे आणि गरज वाटली तर अंगणवाडीताईंना चिठ्ठी पाठवायची. गेल्या पावसाळ्यापासून मी हे करतो आहे. फार तर दोन मिनिटे लागतात.

त्या गावात आता दर शनिवारी बैठक होते. पहिल्याच शनिवारी मावशींनी आणखी एका घराचे नाव सांगितले. त्या मुलाचा दंडघेर १२ सेंटिमीटर भरला. म्हणजे ते कुपोषितच होते, पण वेळ गेली नव्हती.

तुमच्या घरातले मूल अंगणवाडीत जात असेल, तर या महिन्यात जाऊन त्याची वजनाची रेषा पाहा. आणि ताईंना, मावशींना सहज विचारा, "तुम्ही सगळ्या एकत्र कधी बसता?"