विश्लेषण : बँक अडचणीत आली तर ठेवीचे काय होते?

सप्टेंबर २०१० मध्ये रिझर्व्ह बँकेने पेण अर्बन सहकारी बँकेवर निर्बंध घातले आणि सुमारे दोन लाख ठेवीदारांचे पैसे अडकले. बोगस कर्जखात्यांच्या या घोटाळ्याचा आकडा ६०० कोटींच्या घरात गेला. मोर्चे निघाले, न्यायालयात लढाई झाली. पेण-रोहा पट्ट्यात आजही ‘बँकेत टाकलेले सुरक्षित ना?’ असे विचारले जाते, ते उगाच नाही.

ठेव तिजोरीत नसते?

नसते. बँक ती कर्जाऊ देते. कर्ज वर्षानुवर्षे फिटत राहते, ठेव मात्र मागताच द्यावी लागते. घाबरून सगळेच काढायला आले, तर धडधाकट बँकही कोसळते. डग्लस डायमंड आणि फिलिप डिब्विग यांनी १९८३ मध्ये हेच मांडले. २०२२ मध्ये त्यांना नोबेल मिळाले. ठेवीला विमा असेल तर रांगच लागत नाही, हा त्यांचा मुद्दा. विम्याने भीती थांबते, चोरी नव्हे. ती रोखणे हे लेखापरीक्षण आणि देखरेखीचे काम. पेणमध्ये घात झाला तो तिथे.

विमा किती, केव्हा मिळतो?

१९६० मध्ये केरळातील पलाई सेंट्रल आणि आपल्या अकोल्याची लक्ष्मी बँक बुडाली. त्यानंतर १९६२ पासून ठेवविमा आला. मर्यादा १,५०० रुपये. १९९३ मध्ये ती एक लाख झाली आणि तब्बल २७ वर्षे तिथेच राहिली. महागाईने त्या लाखाची किंमत खाल्ली, तरी धोरण हलले नाही. पीएमसी बँकेच्या घोटाळ्यानंतर, फेब्रुवारी २०२० मध्ये, ती पाच लाख झाली.

रकमेपेक्षा मोठा प्रश्न वेळेचा होता. पूर्वी परवाना रद्द होऊन बँक अवसायनात निघेपर्यंत विम्याचा पैसा मिळत नसे. २०२१ च्या दुरुस्तीने निर्बंध लागल्यापासून ९० दिवसांची मुदत घातली. पेणच्या ठेवीदारांना २०१० मध्ये ही सोय नव्हती.

वरसेतल्या ठेवीदाराने काय पाहावे?

पाच लाखांत मुद्दल आणि व्याज दोन्ही येतात. एकाच बँकेच्या रोहा आणि पेण शाखांत एकाच नावाने ठेवी असल्या, तरी बेरीज एकच धरतात. विम्याचा हप्ता बँक भरते, तुमच्याकडून घेत नाही. आणि पतसंस्था? नावात ‘सहकारी’ असले तरी तिथल्या ठेवीला हा विमा लागू नाही. जादा व्याजाची पाटी वाचताना एवढे आधी विचारावे.