सूर्यास्त आणि जहाजाचे घड्याळ

अमळनेरच्या एका आडत दुकानदाराच्या चिरंजिवांनी न्यू जर्सीहून आई-वडिलांसाठी कॅरिबियन समुद्रातील सात रात्रींची जहाजसफर ठरवली. काकांनी तिकिटाची रक्कम विचारली. काकूंनी विचारले, "तिथे सूर्य किती वाजता मावळतो?" त्यांचा चौविहार ३१ वर्षे अखंड चालला होता. मुलाला प्रश्नाची गंमत वाटली.

काकांपुढे निराळाच पेच होता. श्रावकाच्या बारा व्रतांतील सहावे दिशापरिमाणाचे. त्यात कोणत्या दिशेला किती दूर जायचे, याची हद्द माणूस स्वतःच आखून घेतो. काकांनी पन्नाशीत हे व्रत घेतले, तेव्हा मुलगा परदेशी जाईल हे ओळखून पश्चिमेची हद्द भरपूर सैल ठेवली होती. आडत्याची दूरदृष्टी ती हीच!

मायामी बंदरात जानेवारीच्या मध्यास जहाज सुटले. चढतानाच काकूंची पाणी उकळण्याची विजेची किटली तपासनिसांनी काढून घेतली. आगीच्या भीतीने खोलीत अशी उपकरणे चालत नाहीत. घरी केलेले पदार्थही नेता येत नाहीत, म्हणून खाखऱ्याची सीलबंद पाकिटे घेतली होती, ती मात्र सुटली. उकळलेले पाणी उपाहारगृहातून थर्मासमध्ये मिळू लागले, आणि पहिली अडचण मिटली.

जेवणाची व्यवस्था अपेक्षेपेक्षा चांगली निघाली. कांदा, लसूण व कंदमूळ वर्ज्य असल्याचे आरक्षणाच्या वेळीच लेखी कळवले होते. मुख्य वाढपी आदल्या रात्री दुसऱ्या दिवसाचे पदार्थ विचारून जाई आणि भटारखान्यातील भारतीय आचारी वेगळी भाजी, वरण, भात करून देई. धोका होता तो मांडून ठेवलेल्या बुफेत. भाज्यांच्या सुपात कोंबडीचे पाणी असू शकते, थरथरणाऱ्या जेलीत जिलेटिन असते, पावाच्या चकाकीला अंड्याचा हात फिरवलेला असतो आणि बटाट्याच्या फोडी ज्या तेलात तळतात त्याच तेलात मासेही तळले जातात. यातली शेवटची गोष्ट काकूंना एका वाढप्याने कानात सांगितली. तो सावंतवाडीकडचा तरुण. त्यांच्या बोलण्यातले मराठी ऐकून स्वतःहून जवळ आला होता. गोवा-कोकणातली कितीतरी मुले अशा जहाजांवर कामाला असतात. करार सलग कित्येक महिन्यांचा, आणि त्या काळात घर दिसते ते फोनच्या पडद्यावर.

काकांचा जीव रमला तो हिशेबात. जहाज चालते अमेरिकेच्या बंदरातून, पण त्यावर निशाण बहामाचे. कराच्या आणि नोकरकायद्याच्या दृष्टीने ते सोयीचे पडते. जुगाराचे दालन आणि करमुक्त दुकाने बंदरात बंद असतात, किनारा मागे पडला की दारे उघडतात. प्रवासभाडे स्वस्त वाटते. मात्र माणशी दररोज १६ ते २० डॉलर बक्षिसी, इंटरनेट, पेये, किनाऱ्यावरच्या सहली हे सारे वेगळे. काकांनी चार दिवसांतच निदान केले की भाडे ही दुकानाबाहेरची पाटी, गल्ला आत आहे.

चौथ्या दिवशी सेंट थॉमस बेट आले. डेन्मार्कने ही बेटे १९१७ साली अमेरिकेला अडीच कोटी डॉलर सोन्यात घेऊन विकली. शार्लट अमाली गावातील डॅनिश काळच्या दगडी वखारींत आता सोन्या-हिऱ्यांची दुकाने आहेत, आणि गल्ल्यावर बसलेले कित्येक मालक सिंधी! एकाने काकांना हिंदीत "आइए सेठजी" म्हटले. सुरतेत पैलू पाडलेला हिरा अर्ध्या पृथ्वीचा फेरा करून इथे आलेला. काकांनी भाव विचारला, जळगावच्या सराफाचे नाव काढले, आणि चहा पिऊन हात हलवत परतले. बंदिस्त डॉल्फिनांबरोबर पोहण्याची सहल काकूंनी ऐकताक्षणी नाकारली. सुनेनेही मग आपली नावे काढून घेतली.

खरी परीक्षा त्याच दिवशी होती. मायामीहून सेंट थॉमस सुमारे १५ रेखांश पूर्वेला आहे, म्हणजे तिथे सूर्य तासभर आधी उगवतो आणि तासभर आधी मावळतो. काही जहाजे त्यानुसार घड्याळ पुढे करतात; या जहाजाने मायामीचीच वेळ ठेवली. मायामीत पावणेसहानंतर होणारा सूर्यास्त जहाजाच्या घड्याळात पाचच्या सुमारास आला. रात्रीच्या जेवणाची पहिली पंगत साडेपाचची, आणि दुपारचा बुफे साडेतीनलाच बंद. मुलगा म्हणाला, "आई, घड्याळाप्रमाणे तर अजून उजेड असायला हवा." काकू म्हणाल्या, "पच्चक्खाण मी सूर्याला धरून घेते. घड्याळ तुमच्या कंपनीचे." त्यांनी उपाशी राहायची तयारी केली. मुलगा पहिल्यांदाच गप्प झाला; आईला आनंद द्यायला आणले आणि तिला खाखऱ्यावर ठेवले, हे त्याच्या तोंडावर दिसत होते.

दुपारी चारला दारावर टकटक झाली. सावंतवाडीचा तो तरुण झाकलेले ताट घेऊन उभा होता. मुलाने मुख्य वाढप्याला गाठून रेखांशाचा सारा हिशेब कागदावर मांडून दाखवला होता. "काकी, उद्या सेंट मार्टिनला सूर्य आणखी सात-आठ मिनिटे आधी जातो. पावणेचारला आणू?" त्याने विचारले. उरलेले दिवस तसेच झाले. मुलगा रोज सूर्यास्ताची वेळ पाहून ठेवी. शेवटच्या दोन संध्याकाळी तोही चारच्या ताटाला आईसोबत बसला.

अखेरच्या रात्री सामान खोलीबाहेर ठेवायचे होते. काकूंनी पिशवी उपसून उरलेल्या खाखऱ्याची पाकिटे वेगळी काढली आणि त्या तरुणाच्या हाती दिली. त्याने ती मोजली नाहीत, विचारले एवढेच, "काकी, यात मेथीचे आहे का?"