वैनगंगेच्या पाण्याखाली कोणाचा इतिहास?



१५ ऑक्टोबर १९५६ ला याच नागपुरात बाबासाहेबांनी ठणकावून सांगितलं, हे शहर संघवाल्यांमुळे निवडलेलं नाही. बुद्धाचा धम्म पसरवणारे नाग लोक या भागातले, म्हणून नागपूर. नाग नदीचं नावही त्यांनी घेतलं.

पुढे १३ वर्षांनी, १९६९-७० ला, नागपूर विद्यापीठ आणि पुरातत्त्व खात्याने वैनगंगेकाठी पवनीची जगन्नाथ टेकडी खणली. निघालं काय? स्तूप! ख्रिस्तपूर्व काळातला. शिळेवर फणा काढलेला मुचलिंद नाग, ब्राह्मीत कोरलेलं त्याचं नाव. दान देणाऱ्यांची नावं, त्यात बायांचीसुद्धा. आणि टेकडीला नाव जगन्नाथाचं. अंग कोणाचं, सदरा कोणाचा!

पण दगड निघाले म्हणून हुरळून जाऊ नका. दगडाला म्युझियम मिळतं. माणसाला काय मिळतं ते त्याच पवनीजवळ गोसीखुर्दला पाहा. २२ एप्रिल १९८८ ला राजीव गांधींनी धरणाची कोनशिला बसवली. कुही-भंडाऱ्याकडची गावं उठली, पाण्याखाली गेली. मोबदल्याचा हिशेब सातबाऱ्यावर. ज्याच्या नावावर सातबाराच नाही तो भूमिहीन, नदीच्या रेतीत डांगरवाडी लावणारा, जाळं टाकणारा ढिवर, यांनी कोणता कागद दाखवायचा?

आणि आपण नागपूरकर त्या खोऱ्याला काय पाठवतो? गटार. नाग नदीतून कन्हानला, कन्हानमधून वैनगंगेला, तिथून थेट गोसीखुर्दच्या जलाशयात. ज्या नदीचं नाव बाबासाहेबांनी अभिमानाने घेतलं तिची आपण ही दशा केली. हेरिटेज म्हणून गोंडराजाचा किल्ला आणि भोसल्यांचा वाडा दाखवतात. या गटाराकडे पाहायला कोणी येत नाही.

आपल्यातले कितीतरी याच खोऱ्याचे नातू. जाडंभरडं कापड विणणारे महार इथले. १८७७ ला एम्प्रेस मिल सुरू झाली, गिरणीच्या कापडापुढे हातमाग खचला, आणि विणकराचा पोरगा गिरणीत मजूर झाला. मग मिलही बंद पडली. सगळं आपल्या घरातलंच, पण विचारलं कोणी?

१९५४ ला भंडाऱ्याच्या पोटनिवडणुकीत बाबासाहेब उभे होते, हरले. तेव्हा सभेला बापाच्या खांद्यावर बसून गेलेली पोरं आज पंच्याहत्तरीच्या आसपास आहेत. ती किती दिवस थांबतील?

म्हणून या महिन्याचं काम. पुनर्वसनाच्या गावठाणात जा, तुमच्या आजीपाशी बसा. बुडालेल्या गावात आपला वाडा कोणत्या दिशेला होता? पाणी कोणत्या विहिरीचं? मेलेलं ढोर ओढणं कधी सोडलं, त्यावरून मार कोणी खाल्ला? छपन्ननंतर देव्हाऱ्यातले देव नदीत टाकले ते कोणत्या घाटावर? ती बोलते तसंच लिहा, पुस्तकी करू नका. वहीची पानं आमच्याकडे पाठवा. जशीच्या तशी छापू.

जय भीम.