बाळंतपणाचे वेतन कोणी द्यावयाचे?

गळीत हंगाम सुरू झाला की कोल्हापूर जिल्ह्यातील रस्ते उसाच्या गाड्यांनी भरून जातात आणि शिवाराच्या कडेला मराठवाड्यातून आलेल्या ऊसतोड कामगारांच्या खोप्या उभ्या राहतात. दिवस भरत आलेली स्त्री डोक्यावर मोळी घेऊन गाडीच्या फळीवर चढते आणि बाळंत झाल्यावर थोड्याच दिवसांत पुन्हा फडात उतरते, हे दृश्य या जिल्ह्याला नवे नाही. नवे नाही म्हणूनच त्याची लाज वाटेनाशी झाली आहे.

याच देशात नोकरदार स्त्रीला २६ आठवड्यांची भरपगारी प्रसूती रजा मिळते. १९६१ च्या कायद्याने दिलेली १२ आठवड्यांची मुदत २०१७ च्या दुरुस्तीने पहिल्या दोन अपत्यांसाठी २६ आठवड्यांवर नेली. आता हा कायदा सामाजिक सुरक्षा संहितेत समाविष्ट झाला असून ती संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली आहे. रजेसाठी मुख्य अट अशी की प्रसूतीपूर्वीच्या १२ महिन्यांत किमान ८० दिवस काम झालेले असावे. महाविद्यालयातील प्राध्यापिकेला वा बँकेतील कर्मचारी स्त्रीला मिळालेला हा हक्क योग्यच आहे; त्यात कपात व्हावी असे कोणीही म्हणणार नाही.

परंतु ऊसतोड करणारी स्त्री हंगामात ८० दिवसांहून अधिक राबते, मग तिला काय मिळते? तिचे नाव कोणत्याही हजेरीपटावर नसते. नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’ गणला जातो. उचल जोडीची असते आणि मुकादमाशी व्यवहार होतो तो नवऱ्याच्या नावाने. कारखाना म्हणतो, ही आमची कामगार नव्हे. मुकादम म्हणतो, मी मालक नव्हे. बाई बाळंत झाली की कोयता मोडतो आणि नवऱ्याचेही काम अडते. खाड्याचा दंड उचलीत मिळविला जातो. म्हणजे जिथे वेतन चालू राहावयाचे तिथे कर्ज वाढते. २०१९ साली बीड जिल्ह्यातील ऊसतोड स्त्रियांची गर्भाशये काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न विधिमंडळात गाजला, तो या अर्थव्यवहारापासून वेगळा काढता येणार नाही.

शासन म्हणेल, असंघटित स्त्रियांसाठी मातृवंदना योजना आहेच. पहिल्या अपत्यासाठी तीतून ५,००० रुपये मिळतात, तेही हप्त्यांनी. २६ आठवड्यांचे दिवस होतात १८२. भागाकार केल्यास रोजचे २७ रुपये पडतात. याला साहाय्य म्हणावे. बुडालेल्या मजुरीची भरपाई म्हणता येणार नाही.

मूळ दोष कुठे आहे? आपल्या कायद्याने रजेच्या वेतनाचा भार, राज्य कामगार विमा योजनेचे क्षेत्र सोडल्यास, एकेका मालकावर टाकला. त्यामुळे ज्याला मालकच सापडत नाही त्या स्त्रीचा हक्क हवेत विरतो आणि जिथे मालक सापडतो तिथे तरुण स्त्रीला कामावर घेणेच त्याला महाग वाटू लागते. ज्या डॉ. आंबेडकरांचे नेतृत्व १९२० साली याच जिल्ह्यातील माणगाव परिषदेत शाहू महाराजांनी जाहीर केले, त्यांनी १९२८ साली मुंबई विधिमंडळात प्रसूतिलाभ विधेयकाला पाठिंबा देताना हे ओळखले होते. मातेची विश्रांती ही राष्ट्रहिताची बाब असल्याने तिचा बराचसा भार वस्तुतः शासनाने उचलावा. तोपर्यंत स्त्रीच्या श्रमांतून नफा घेणाऱ्या मालकाने तो सोसावा, असा त्यांचा युक्तिवाद होता. १९२९ साली मुंबई प्रांताचा कायदा झाला. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या २००० सालच्या करारानेही हा लाभ सामाजिक विम्यातून वा सार्वजनिक निधीतून देण्याचे तत्त्व मान्य केले. भारताने त्या कराराला अद्याप मान्यता दिलेली नाही.

निधी कोठून आणावयाचा, हा प्रश्न निदान ऊसतोडीपुरता तरी अवघड नाही. गोपीनाथ मुंडे ऊसतोड कामगार कल्याण महामंडळासाठी कारखान्यांनी टनामागे १० रुपये द्यावेत आणि तेवढीच भर शासनाने घालावी, असे ठरलेले आहे. दहा लाख टन गाळप करणाऱ्या कारखान्याचा वाटा एक कोटी रुपये होतो. उदाहरणादाखल रोज ३०० रुपये धरले तर १८२ दिवसांचे ५४,६०० रुपये होतात. म्हणजे एका कारखान्याच्या वाट्यातून १८३ बाळंतिणींना पूर्ण वेतन देता येईल. महामंडळाला इतर कामे आहेत हे खरे, पण त्यासाठी शासनाचा वाटा उरतोच. मात्र हा पैसा शेतकऱ्याच्या ऊसदरातून कापला जाता कामा नये. एका श्रमिकाच्या खिशातून दुसऱ्या श्रमिकाचे बाळंतपण करणे याला समाजवाद म्हणत नाहीत.

म्हणून मागणी स्पष्ट असावी. कोयत्याची नोंद जोडीची न होता स्त्रीची स्वतंत्र व्हावी. प्रसूतीचे वेतन महामंडळाने थेट तिच्या खात्यात जमा करावे. त्या काळात नवऱ्याच्या खाड्यांचा दंड बेकायदा ठरवावा. हेच सूत्र पुढे इचलकरंजीत यंत्रमागासाठी कांड्या भरणाऱ्या स्त्रीपर्यंत नेता येईल. साखर कारखान्यांच्या सभांत सहकाराचा गौरव दर वर्षी होतो. ज्या हातांनी तो ऊस गव्हाणीपर्यंत आणला, त्यांपैकी अर्ध्या हातांचे नाव तरी यंदाच्या नोंदवहीत यावे. तिथून पुढची लढाई लढावयास आपण आहोतच.