गिझर न्हाणीबाहेरच बरा

वऱ्हाडाचा उन्हाळा जगजाहीर आहे, हिवाळ्याबद्दल कोणी फारसं बोलत नाही. पण डिसेंबरात अमरावती-अकोल्यात फजरच्या वुजूला टाकीचं पाणी हाताला अक्षरशः चावतं. म्हणून आपल्या मोहल्ल्यांत गॅस गिझर आला. दोन सेलवर पेटतो, नळ सोडला की गरम पाणी. गिझरला माझा विरोध नाही. तो जिथे टांगला जातो, त्या जागेला आहे.

चार बाय पाचची न्हाणी, एकच झरोका, तोही थंडी येते म्हणून पुठ्ठ्यानं बंद. भिंतीवर गिझर आणि त्याच कोपऱ्यात 14.2 किलोचं सिलिंडर. गॅस जळायला प्राणवायू लागतो. कोंडलेल्या जागेत तो कमी पडला की गॅस अर्धवट जळतो आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. सिलिंडरच्या गॅसला मुद्दाम वास दिलेला असतो, त्यामुळे गळती नाकाला कळते. या वायूला ना वास, ना रंग. रक्तातलं हिमोग्लोबिन त्याला प्राणवायूपेक्षा दोनशे पटींहून घट्ट धरतं. डोकं जड होतं, मळमळतं, पाय लटपटतात आणि आतली कडी काढण्याइतकंही बळ उरत नाही. बाहेरच्यांना वाटतं, हार्ट अटॅक आला असेल.

आजीचा तांब्याचा बंब आठवा. मधल्या नळीतून धूर वर जायचा आणि बंब असायचा अंगणात. डोळ्यांना झोंबणारा धूर कोणी न्हाणीत कोंडून घेतला नसता. गिझरचा धूर दिसत नाही, म्हणून तो आत आला.

मिस्त्री म्हणतो, “बाजी, बाहेर लावला तर पाइप वाढतो.” वाढू द्या की! लग्नाच्या मंडपावर हजारो रुपये घालवणारे आपण दहा फूट पाइपासाठी घासाघीस करतो. थंड पाण्याच्या तोंडाशी वॉल्व आणि जाळी हवी. गरम पाण्याला साधा पीव्हीसी नको, सीपीव्हीसीच हवा. गॅसला आयएसआय मार्कची नारिंगी सुरक्षा नळी, दोन्ही टोकांना क्लिपा आणि जोडावर साबणाचा फेस लावून तपासणी. काडी पेटवून तर कधीच नाही. शेगडीची नळी मध्येच कापून टी बसवणाऱ्याला दारातूनच परत पाठवावं.

अकोल्याकडे आणखी एक भानगड आहे. पूर्णेच्या खारपाणपट्ट्यात बोअरच्या खाऱ्या पाण्यानं गिझरच्या नळ्यांत क्षार साचतात. बाहेरून काजळी धरली की धुराची वाट बुजते. ज्वाळा निळी असावी. पिवळी दिसली की गिझर बंद करून सफाई करून घ्यायची.

माहितीपत्रकात इशारा असतो, पण बारीक इंग्रजीत, आणि खोका दुकानातच राहतो. मी दोन भाषा शिकवते, म्हणून हे जास्तच खुपतं. तोच इशारा मराठीत आणि उर्दूत गिझरच्या पत्र्यावरच छापायला कंपन्यांना किती शाई लागणार? तोवर थंडीच्या सुरुवातीला जुम्याच्या बयानानंतर दोन मिनिटं यावर बोललं गेलं, तर ते घराघरात पोहोचेल.

आणि आतून हाकेला ओ आली नाही, तर वाट पाहू नका. दार तोडा, माणसाला मोकळ्या हवेत आणा आणि दवाखान्यात पहिल्यांदा हेच सांगा, की न्हाणीत गॅस गिझर चालू होता. गॅसचा वास येत असेल, तर गळतीसाठी 1906 हा क्रमांक आहे.