शुक्रवारचे मासे

म्हापशाचा शुक्रवारचा बाजार आमच्या पुष्कळ वाचकांनी पाहिलेला असेल. ज्यांनी पाहिला नसेल त्यांस एवढेच सांगतो की, मातीच्या मडक्यांपासून मयड्याच्या केळ्यांपर्यंत आणि सुंभाच्या दोरांपासून चोरिसांच्या माळांपर्यंत नाना जिन्नस त्या दिवशी तेथे विकावयास येतात. गेल्या जुलै महिन्यात आम्ही सपत्नीक चोर्ला घाट उतरून बार्देशातील आमच्या पुतणीकडे पाहुणे म्हणून गेलो होतो. रात्रीच्या जेवणासाठी मासळी आणण्याची कामगिरी आम्ही मोठ्या हौसेने आपणाकडे घेतली.

घाटावरील आमच्या वाचकांस कदाचित ठाऊक नसेल की, जून व जुलै हे दोन महिने गोव्यात मासळीचे दुर्भिक्ष असते. १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत, म्हणजे ६१ दिवस, यांत्रिक बोटींना मासेमारी करण्यास कायद्याने बंदी आहे. समुद्र खवळलेला असतो, आणि पुष्कळ जातींच्या मासळीचा अंडी घालण्याचा काळही हाच. आपल्या वाडवडिलांनी कायदा नसतानाही हे ओळखले होते. पावसाळ्यापूर्वी घरोघरी ‘पुरुमेंत’ भरून ठेवीत. त्यात मीठ, मिरची, कोकम यांच्याबरोबर सुके बांगडे व सुकट असे, आणि त्यावर पाऊस निभावून नेत. हल्ली या दिवसांत बाजारात येणारी बरीचशी मासळी बर्फात घालून परराज्यांतून येते. जुलै २०१८ मध्ये अशा मासळीत फॉर्मेलिन नावाचे रसायन असल्याचा संशय येऊन मोठी खळबळ उडाली होती, आणि सरकारने बाहेरची मासळी आणण्यास काही दिवस मनाई केली होती. म्हणून मासा पारखून घ्यावा हे बरे. कल्ले लाल असावेत, डोळे चकचकीत व फुगीर असावेत, बोटाने दाबलेले मांस पुन्हा वर यावे. आमच्या सौभाग्यवतींस हे ज्ञान माहेरूनच मिळालेले आहे.

त्यांनी बांगड्यांचा एक वाटा पसंत केला. सहा बांगडे होते. मासे विकणारी बाई साठीच्या आसपासची, गळ्यात काळ्या दोऱ्यात ओवलेला लहानसा क्रूस. तिने तीनशे रुपये सांगितले. येथे आम्ही पुढे सरसावलो. बाजारात सांगितलेल्या भावाने वस्तू घेणे म्हणजे फसणे, अशी आमची जुनी समजूत. आम्ही अडीचशे म्हटले, दोन पावले मागे फिरलो, पुन्हा आलो. शेवटी ती म्हणाली, “घेऊन जा, बाब. दुपार होत आली.” पन्नास रुपये वाचवल्याच्या आनंदात आम्ही पिशवी उचलली.

एव्हाना पोटात कावळे ओरडू लागले होते. मासळीबाजाराला लागूनच एक लहानशी खाणावळ आहे. चार मेजे, भिंतीवर पवित्र हृदयाची तसबीर, आणि दारातूनच येणारा तळणाचा वास. अशा जागी पदार्थांची यादी नसते. सकाळी बाजारात जे मिळाले तेच दुपारी शिजते. आमच्यापुढे उकड्या तांदळाचा भात आला, नारळ व लाल मिरची वाटून केलेली माशाची कडी आली, रवा लावून तळलेला बांगडा आला, सुकटीची किस्मूर आली. त्यावर आम्ही तळलेली कोळंबी वेगळी मागविली. दिवस शुक्रवार होता. मांस वर्ज्य होते, तेव्हा मासळीवर ताव मारण्यास आमचे मन पूर्ण मोकळे होते.

इतक्यात समोरच्या रिकाम्या बाकावर कोणी येऊन बसले. पाहतो तो तीच बाई! तिने ओळखीचे हसून मान हलविली आणि वाढणाऱ्या मुलास सांगितले, “शीत आणि कडी. तळलेले नको.”

सौभाग्यवतींनी सहज विचारले, “मावशी, मासे विकता आणि मासा घेत नाही?”

“विकायचा मासा विकायचाच असतो, बाय,” ती म्हणाली. “पहाटे पेटी उधारीवर उचलली. पैसे संध्याकाळी द्यायचे. त्यात बर्फाचे वेगळे, जागेचे वेगळे. दुपारनंतर बर्फ वितळला की जो भाव मिळेल तो घ्यायचा. पावसात पेटीच महाग. वाट्यामागे चाळीस-पन्नास सुटले तर देवाची कृपा.”

तिने हे तक्रारीच्या सुरात सांगितले नाही. भातावर कडी ओतून ती शांतपणे जेवू लागली. आमच्या ताटात मात्र बांगडा तसाच राहिला. वाट्यामागे पन्नास! आम्ही शौर्याने वाचविलेले पन्नास ते हेच. तिच्या ताटातला तळलेला तुकडा आमच्या पिशवीत, मेजाखाली, पडून होता.

आम्ही हळूच म्हटले, “मावशी, आमच्याकडून एक बांगडा घ्या.” ती मोकळेपणाने हसली. “नको, बाब. भीक नको. पुढच्या खेपेस घासाघीस करा, पण थोडी करा!”

बिल आले तेव्हा दुसरी गोष्ट ध्यानात आली. खाणावळवाल्याने सांगितलेला आकडा आम्ही एका शब्दाने कमी करावयास सांगितला नाही. उलट वाढणाऱ्या मुलाच्या हातावर वर काही ठेवले. जो पक्क्या भिंतीआड बसतो त्याचा भाव आम्ही निमूट मानतो, आणि जी भिजत जमिनीवर बसते तिच्याशी हुज्जत घालतो. हे आमच्या एकट्याचे वर्तन नव्हे, अशी आम्हांस शंका आहे.

शुक्रवारी मांस न खाण्याची आपली चाल फार जुनी. १९६६ साली पोप सहावे पौल यांनी प्रायश्चित्ताविषयीचे नियम नव्याने घालून दिले आणि मांसवर्ज्याऐवजी प्रायश्चित्ताचे अन्य प्रकार, विशेषतः दानधर्माची कृत्ये, ठरविण्याची मुभा त्या त्या देशाच्या बिशपांस दिली. तरी आपल्या पुष्कळ घरांत जुनी चाल चालू आहे, आणि ती चांगलीच आहे. परंतु त्या दुपारी एकाच मेजावर दोन ताटे होती. एकात मासळीचे चार प्रकार होते आणि त्यास आम्ही उपवास म्हणत होतो. दुसऱ्यात नुसती कडी होती, आणि तीस कोणतेही नाव नव्हते.

परतताना आम्ही तिच्या जागेवर पुन्हा गेलो. शेवटचा एक वाटा उरला होता. तिने भाव सांगितला तो आम्ही मुकाट्याने दिला. तिने पैसे मोजले, कनवटीस लावले आणि वाट्यात एक लहान बांगडा आपणहून वर टाकला. तो परत करण्याचे धैर्य आम्हांस झाले नाही.

वाचकहो, येत्या शुक्रवारी आपण मासळी घ्यावयास जाल तेव्हा कल्ले अवश्य पाहा, डोळे अवश्य पाहा. पण माशाचे पाहून झाले की क्षणभर विकणारीच्या तोंडाकडेही पाहा, आणि मग भाव करा.