आपल्याकडे काय एवढं ऊन नाही हो!

मे महिना लागला की आमच्या माहीमला (मुंबईतलं नव्हे, पालघरचं) आगोटीची लगबग सुरू होते. पापड, कुरडया, मसाल्याच्या मिरच्या, सुके बोंबील. सगळं गच्चीवर नाहीतर अंगणात, आणि तेही ऐन दुपारी, कारण उन्हाशिवाय वाळवण कसलं? टीव्हीवर विदर्भातले 44-45 अंशांचे आकडे येतात. आपले 36-37 बघून घरात कुणीतरी म्हणतंच, "आपल्याकडे काय एवढं ऊन नाही हो!"

मैत्रिणींनो, फसगत होते ती इथेच. घाम वाळताना अंगातली उष्णता घेऊन जातो. समुद्रकाठची हवा इतकी दमट की तो वाळतच नाही, नुसता ओघळतो. म्हणून तर हवामान खातं किनाऱ्याला वेगळं माप लावतं. मैदानी भागात उष्णतेच्या लाटेसाठी पारा 40 ला पोचावा लागतो. आपल्याकडे 37 पुरतो, सरासरीपेक्षा साडेचार अंश जास्त असला म्हणजे झालं. 16 एप्रिल 2023 ला खारघरच्या सोहळ्यात 14 जण दगावले, तेव्हाही पारा 38 च्या आसपासच होता.

त्याच वर्षी मे महिन्यात आपल्याच जिल्ह्यात, डहाणू तालुक्यात, 21 वर्षांची एक गर्भवती गेली. नववा महिना होता. बरं वाटेना म्हणून भर उन्हात साडेतीन किलोमीटर चालत हायवेला आली, तिथून रिक्षाने आरोग्य केंद्रात. औषध देऊन घरी पाठवलं, तर परतताना पुन्हा तेवढीच पायपीट. संध्याकाळी ताप चढला, या दवाखान्यातून त्या दवाखान्यात नेता नेता ती वाटेतच गेली. पोटातलं बाळही गेलं. निदान झालं उष्माघाताचं.

'दुपारी 12 ते 3 बाहेर पडू नका' ही सूचना चांगलीच आहे. पण गाडी गावापर्यंत येतच नसेल, तर तिने कुठल्या वेळी चालायचं? आणि घरात बसलेली तरी कुठे सुटते? पत्र्याखालच्या स्वयंपाकघरात दीड तास भाकऱ्या थापणं म्हणजे उन्हात उभं राहण्यासारखंच. त्यात आपण पाणी प्यायचं विसरतो. बाहेर जायचं असलं की मुद्दामच पीत नाही, कारण बायकांसाठी संडासाची सोय नसते. हे कुठल्याच सूचनेत लिहिलेलं नसतं.

बरं, ऊन आहे म्हणावं तर पाऊसही आता वेळ पाळत नाही. एरवी 11 जूनच्या सुमाराला मुंबईत येणारा मॉन्सून 2025 मध्ये 26 मे रोजीच दाखल झाला, आणि त्याआधी अवकाळीने झोडपलं ते वेगळंच. आभाळ गडगडलं की वाळवण गोळा करायला गच्चीवर कोण धावतं? आपणच. पापड भिजले तर भिजू द्या, वीज कडाडताना गच्चीवर जाऊ नका. पुण्याच्या हवामान संस्थेचं 'दामिनी' ॲप मुलांकडून फोनमध्ये टाकून घ्या, जवळपास वीज पडायची शक्यता असली की ते कळवतं. आणि मोरीवरून गढूळ पाणी वाहत असेल तर 'गुडघाभरच तर आहे' म्हणून पाय घालू नका. पाण्याला ओढ किती आहे, खालचा रस्ता शाबूत आहे की नाही, वरून कळत नाही.

उन्हात कुणी बरळायला लागली, अंग भाजल्यासारखं तापलं, तर तो साधा ताप समजू नका. सावलीत घ्या, अंगावर पाणी ओता, वारा घाला, 108 ला फोन करा. शुद्ध नसेल तर तोंडात पाणी घालू नका.

आता आमचीच गोष्ट सांगते. मागच्या वर्षी आमच्या महिला मंडळाने बायकांसाठी आरोग्य तपासणी ठेवली होती. वेळ दुपारी दोनची, 'बायका तेव्हा मोकळ्या असतात' म्हणून! पाड्यावरच्या दोघी चालत आल्या आणि रांगेतच चक्कर येऊन बसल्या. वेळ ठरवणाऱ्यांत मीही होते. यंदा सकाळी आठची वेळ ठेवूया म्हटलं, तर लगेच एकीने विचारलं, "आठला? मग डबे कोण करणार?"

पुढच्या बैठकीला घरच्या पुरुषांनाही बोलावलं आहे.